दारावर चौकीदार हवा की अ‍ॅप?

आमच्या इंदोरच्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये सध्या हाच विषय, चौकीदार काढून अ‍ॅप नि कॅमेरा लावायचा का. खर्च बघितला तर अ‍ॅप स्वस्त, कारण माणूस म्हणजे तीन शिफ्टचे पगार आले, आणि नोंदही पक्की राहते, कोण कधी आलं कधी गेलं सगळं सापडतं.

आणि जिथे नियम एकच असतो तिथे मशीन बरंच. लोकसभेत मतविभाजनाची, म्हणजे बाजूची नि विरोधातली मतं मोजायची, घंटा साडेतीन मिनिटं वाजते, मग लॉबीची दारं बंद, मंत्री असला तरी बाहेरच, तिथे ओळखपाळख चालत नाही. पण लंडनला बघा, 1642 साली राजा पहिला चार्ल्स पाच खासदारांना पकडायला कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, घुसला, म्हणून आजही राजाचा दूत ब्लॅक रॉड आला की त्याच्या तोंडावर दार आपटतात, तीन वेळा ठोठावल्यावरच उघडतात. कोणाला थांबवायचं हे तिथे सभागृह ठरवतं आणि दारावरचा माणूस ते करून दाखवतो.

आता बिल्डिंगमध्ये नियम एकच असतो का हो? चैत्रातल्या हळदीकुंकवाला खालून वर बायकांची रांग लागते, निम्म्या काकूंकडे साधा फोन, त्या काय ओटीपी सांगणार? आमचा चौकीदार भिया "या काकू, तिसऱ्या माळ्यावर" म्हणून लिफ्टचं दार धरून उभा असतो, आणि चौथ्या माळ्यावरचे आजोबा भलत्याच वेळी एकटे बाहेर निघाले की गप्पांत गुंतवून घरी फोन लावतो. अ‍ॅप हे करणार नाही. माझं मत चौकीदारालाच, गाड्यांच्या गेटवर पाहिजे तर कॅमेरा लावा.