गुळव्याच्या बंडीतला रेकॉर्डर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी अंगावर बांधायचे दोन छोटे रेकॉर्डर घेतले आणि तेव्हापासून आषाढ लागेपर्यंत, म्हणजे जवळपास आठ महिने, कोल्हापूरच्या आसपासच्या गुऱ्हाळांवर चाललेल्या एका माहितीपटासाठी ते सतत वापरले. या जातीची यंत्रे आता बऱ्याच कंपन्या काढतात. झूमचा एफ-2, टॅस्कॅमचा डीआर-10एल आणि त्याचाच पुढचा प्रो प्रकार ही त्यांतली नेहमी कानांवर पडणारी नावे. माझ्याकडचे यंत्र कोणत्या कंपनीचे आहे हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक गुणदोष एका कंपनीचे नसून या पद्धतीचेच आहेत, आणि घेणाऱ्याने आधी ही पद्धत आपल्याला झेपते का ते पाहावे, कंपनी नंतर निवडावी.

यंत्र काडेपेटीपेक्षा थोडे मोठे आहे. आत दोन ट्रिपल-ए सेल आणि एक मायक्रोएसडी कार्ड बसते, आणि कॉलर माइकची पिन पेच फिरवून आवळता येते, त्यामुळे वायर ओढली गेली तरी ती सुटत नाही. पडदा नाही, आवाज कमी-जास्त करण्याचे बटण नाही. ते काहीही प्रक्षेपित करत नाही; ज्याच्या अंगावर आहे त्याचा आवाज तिथेच, त्याच्याच खिशात नोंदला जातो आणि संध्याकाळी यंत्र परत हातात आल्यावरच आपल्याला मिळतो.

पहिली परीक्षा दिवाळी पाडव्याच्या गूळ सौद्यांत झाली. मार्केट यार्डात त्या दिवशी अडते, व्यापारी, हमाल आणि शेतकरी एकमेकांना खेटून उभे असतात, ढेपांच्या थप्प्यांतून वाट काढावी लागते, आणि ज्याच्यासाठी आपण आलो तो शेतकरी भाव पुकारला जात असताना नेमका आपल्याकडे पाठ करून काहीतरी पुटपुटतो. आदल्या वर्षी याच जागी मी वायरलेस संच वापरला होता. परवडण्याजोगे बहुतेक संच 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात, त्याच पट्ट्यात गर्दीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलचे वाय-फाय आणि ब्लूटूथ असते, शिवाय माणसाच्या शरीरात पाणीच अधिक असल्यामुळे या लहरी शरीराला अडतात. मध्ये चार माणसे आली की शब्द तुटत होते, आणि तुटलेला शब्द कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा सांधता येत नाही. या वर्षी मी सकाळी शेतकऱ्याच्या सदऱ्यात रेकॉर्डर बांधला आणि कॅमेरा घेऊन निवांत लांब उभी राहिले. त्याचा भाव पुकारला गेल्यावर तो शेजाऱ्याला हळूच म्हणाला, ‘‘ह्यात भरल्याली वीज बिलं बी निघायची न्हाईत.’’ मी तेव्हा पंधरा फुटांवर होते. ते वाक्य मी रात्री घरी ऐकले.

गंमत अशी, की चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला त्या या कोल्हापुरात आजही शूटिंग म्हटले की माणसे कॅमेऱ्याभोवती गोळा होतात आणि आवाजाकडे कोणी बघत नाही. अंगावरच्या रेकॉर्डरला हे फार सोयीचे पडते.

हिशेबही साधा आहे. माइक तोंडापासून दुप्पट अंतरावर नेला की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. कॅमेऱ्यावरचा माइक दीड मीटरवर आणि कॉलर माइक 20 सेंटिमीटरवर असेल, तर दोहोंत सुमारे 17 डेसिबलचा फरक पडतो. गुऱ्हाळावर उसाच्या चरकाचे इंजिन धडधडत असताना एवढ्या फरकानेच बोलणे समजते किंवा समजत नाही. इंजिन माझ्या ट्रॅकवरही आहेच, पण ते मागे आहे आणि माणूस पुढे आहे.

आता ज्या गोष्टीच्या जाहिराती सर्वांत जोरात होतात, त्या 32-बिट फ्लोट नावाच्या रेकॉर्डिंगच्या पद्धतीविषयी. एकच माइक दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर ऐकायचा, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्या आवाजासाठी, आणि दोन्ही मिळून एकच फाइल करायची, अशी ही साधारण रचना असते. त्यामुळे रेकॉर्डिंगच्या वेळी पातळी ठरवावी लागत नाही, आणि गूळ आटवणारा गुळव्या काहिलीपाशी, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईपाशी, कुजबुजला काय किंवा चरकावरच्या पोराला ओरडला काय, फाइल फुटत नाही. एडिटिंगला बसल्यावर आवाज खाली ओढला की लाट पूर्ण दिसते. हे खरे आहे आणि मी याच्यावर खूश आहे. पण हे संरक्षण रेकॉर्डरपुरते असते, माइकपुरते नसते. पोराला हाक मारताना आमच्या गुळव्याने हनुवटी छातीला टेकवून अशी काही आरोळी ठोकली, की सोबत आलेल्या माइकचा इवलासा पडदाच ती पेलू शकला नाही, आणि तो फाटलेला आवाज कितीही खाली ओढला तरी फाटलेलाच राहिला. जास्त आवाज सहन करणारा दुसरा कॉलर माइक मी त्यानंतर घेतला. मोबाइलसाठी विकले जाणारे चार भागांच्या पिनेचे माइक या यंत्रांना सरळ चालत नाहीत, हे मात्र दुकानदाराने सांगितले नव्हते.

कापड घासल्याचा आवाज तर 32 काय, 64 बिटांनाही जाणार नाही. आठ महिन्यांतला माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. टेरिकॉटचा सदरा माइकवरून सरकला की कोरडी पाने चुरडल्यासारखी खसखस येते. सुती बंडी, तीही दहा वेळा धुतलेली, जवळजवळ गप्प असते. मी आता सर्जिकल टेपच्या दोन पट्ट्यांची त्रिकोणी घडी करते, चिकट बाजू बाहेर ठेवते आणि दोन घड्यांच्या मध्ये माइक धरून तो एकीकडे छातीला आणि दुसरीकडे कापडाला चिकटवते, म्हणजे कापड आणि माइक एकत्र हलतात, एकमेकांवर घासत नाहीत. माइकच्या खाली वायरचा एक छोटा वेढा करून तोही टेपने धरला की वायरला बसलेला हिसका माइकपर्यंत पोहोचत नाही. एवढ्याला सुरुवातीला वीस मिनिटे लागत, आता सात लागतात, आणि ज्या दिवशी मी ही सात मिनिटे वाचवली त्या प्रत्येक दिवशी एडिटिंगला दोन तास घातले.

छातीवरचा माइक आवाज थोडा बदलतो, हेही माहीत असावे. छातीच्या पोकळीमुळे 700–800 हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो, आणि हनुवटीच्या आडोशामुळे 3–4 हजार हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे शब्दांना धार देणारा भाग दबतो. पहिले थोडे उतरवले आणि दुसरे थोडे चढवले की आवाज मोकळा होतो.

गुळव्याच्या बाबतीत छातीची जागाच बाद ठरली. काहिलीतला रस आटत आला की तो वाफेत वाकून उभा असतो, बंडी घामाने अंगाला चिकटते, टेप सुटते, आणि माइकच्या जाळीवर घामाचा थेंब बसला की सगळा आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. शेवटी माइक गांधी टोपीच्या पुढच्या घडीत, कपाळाच्या वर लपवला, वायर मानेमागून खाली सोडली आणि रेकॉर्डर झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून पाठीशी बांधला. निकाल इतका चांगला येईल असे मला वाटले नव्हते: मान कुठेही वळली तरी तोंड आणि माइक यांतले अंतर तेच राहते, आणि काहिलीची खदखद हळूहळू जड होत जाते तीही मागे स्पष्ट ऐकू येते. रस पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळताना तो स्वतःशी जे बोलतो, ते मला या टोपीमुळे मिळाले. दोष एकच. घाम पुसायला त्याने टोपी काढली, की माइक तिच्याबरोबर हवेत जातो.

चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, वाळवणाऱ्या बायकांच्या बाबतीत प्रश्न वेगळा होता. मंगळसूत्राच्या वाट्या माइकवर टकटक आपटतात आणि बांगड्या तर थांबतच नाहीत. मंगळसूत्र काढायला मी कोणालाही सांगितले नाही आणि सांगणारही नाही. ते ब्लाउजच्या आत सरकवले आणि माइक खांद्यावरच्या पदराच्या घडीत टाचला की पुष्कळसे भागते. माइक लावण्याचे काम मी त्यांच्यापैकीच एकीला शिकवले, त्याने टेपही नीट लागली आणि अवघडलेपणही गेले. या रेकॉर्डिंगवरून आणखी एक घोटाळा झाला. आमच्याकडे बायका ‘‘मी आलो, मी गेलो’’ म्हणतात. संवाद कागदावर उतरल्यानंतर सबटायटल करणाऱ्या पुण्याच्या मुलाने फक्त कागद पाहिला आणि एका आजींची सगळी वाक्ये पुरुषाच्या नावावर टाकली. फाइलींना यंत्र फक्त तारीख आणि आकडे देते, म्हणून रेकॉर्डिंग सुरू होताच माणसाने स्वतःचे नाव सांगावे, ही सवय तेव्हापासून लागली.

या पद्धतीचा खरा जाच म्हणजे काम चालू असताना काहीही ऐकू येत नाही. काही यंत्रांना मोबाइलवरून चालू-बंद करता येते आणि पातळी पाहता येते, पण पातळी दिसणे म्हणजे आवाज ऐकणे नव्हे. खसखस आणि बोलणे, दोन्हींची रेघ सारखीच उसळते. म्हणून मी माइक बांधल्यावर हेडफोन लावून त्या माणसाला चालायला, वाकायला आणि हात वर करायला लावते, मग हेडफोन काढून त्याला सोडून देते. माघ महिन्यात एका दुपारी मी बटणाचे कुलूप लावायला विसरले. गुळव्या काहिलीखालच्या चुलवाणापाशी उकिडवा बसला, बटण मांडीत दाबले गेले, आणि चिपाड सारणाऱ्या आपल्या भावाशी तो चाळीस मिनिटे जे बोलला ते गेले. पुन्हा बोलायला लावून पाहिले, पण ती चाळीस मिनिटे काही परत आली नाहीत. आता कुलूप लावून वरून टेपही मारते.

कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळे वेगळी असल्यामुळे लांब रेकॉर्डिंगमध्ये ओठ आणि शब्द यांची फारकत होते. दहा लाखांत वीस एवढी जरी चूक असली, तरी तासाला 72 मिलिसेकंदांचा फरक पडतो. 25 फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते, म्हणजे जवळपास दोन फ्रेम झाल्या. माझ्या दोन नगांपैकी एक साधारण एवढाच मागे पडतो, दुसरा बराच बरा आहे. सुरुवातीला टाळी, शेवटी टाळी, आणि जुळणी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या आवाजावरून प्रत्येक शॉटला वेगळी, एवढे केले की अडचण राहत नाही. टाइमकोड, म्हणजे फाइलींवरची वेळेची खूण, जुळवणारी यंत्रे मिळतात. रोज पाच-सहा माणसांवर माइक लागत असतील तर त्यांचा विचार करावा.

सेल आणि कार्डाविषयी थोडक्यात. 48 किलोहर्ट्झला 32-बिट फ्लोटची एक तासाची फाइल सुमारे 690 एमबीची होते, त्यामुळे 32 जीबीचे कार्ड 40 तासांहून अधिक पुरते. चार्ज होणारे सेल वापरायचे असतील तर यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायला हवा, कारण त्यांचा दाब 1.2 व्होल्टचा असतो आणि सेटिंग न बदलल्यास यंत्राला ते उतरलेले वाटतात. मी दर सकाळी आणि जेवणानंतर सेल बदलते, उरलेले घरच्या रिमोटमध्ये जातात. सेलच्या झाकणाची खिट्टी पाचव्या महिन्यात एका नगावर तुटली. सुटे झाकण मिळाले नाही, तेव्हापासून त्याला रबर लावलेले आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही माहितीपत्रकात नसते. हे यंत्र अंगावर आहे हेच माणूस विसरतो. फाल्गुनात एकदा जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डर गुळव्याच्या अंगावरच राहिला आणि मी चौकात चहाला गेले. रात्री ऐकताना त्यात सोसायटीचे कर्ज, जावयाशी झालेला वाद आणि गुऱ्हाळाच्या मालकाविषयी दोन-चार शेलकी वाक्ये होती, आणि आवाज इतका स्वच्छ, की ऐकताना मलाच चोरट्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी मी हेडफोन गुळव्यादादांच्या कानांना लावले. दादा शेवटपर्यंत ऐकत बसले आणि म्हणाले, ‘‘सोसायटीचं तेवढं काढून टाक, पोरी. मालकाचं असू दे.’’ सोसायटीचे आणि जावयाचे मी त्यांच्यासमोर पुसले, मालकाचेही पुसले. तेव्हापासून सुट्टी झाली की रेकॉर्डर काढून माझ्या पिशवीत येतो, मग पुन्हा सात मिनिटे गेली तरी चालतील.

एकट्याने किंवा दोघांनी काम करणाऱ्यांनी, आणि ज्यांचे पात्र दिवसभर आपल्या कामात असते त्यांनी, हे यंत्र जरूर घ्यावे. बसून घेतलेल्या मुलाखतींसाठी मात्र ते घेण्याचे कारण नाही. तिथे साधा वायरचा माइक आणि कानांवर हेडफोन यांनीच काम चांगले होते. मी तिसरा नग मागवला आहे. दसऱ्यानंतर चरक पुन्हा फिरू लागतील, आणि या वेळी चिपाड सारणाऱ्या भावालाही एक बांधायचा आहे.