युनिडेन एसडीएस १००: बस-मेट्रोचा रेडिओ ऐकणाऱ्यांनी घ्यावा का?

अमेरिकेत बऱ्याच बस-मेट्रोवाल्यांनी जुन्या फ्रिक्वेन्सी सोडून ७००/८०० मेगाहर्ट्झच्या डिजिटल ट्रंकिंगवर (म्हणजे मोजक्या फ्रिक्वेन्सी सगळ्यांनी मिळून वापरायच्या, कोणाला कधी कुठली ते सिस्टीम ठरवते) उडी मारलीये, त्यामुळे साधा अ‍ॅनालॉग स्कॅनर (असं रेडिओवरचं बोलणं ऐकायचं यंत्र) असेल तर तिथे आता नुसती खरखर. वॉशिंग्टन मेट्रोचं बघा ना, ४९० वरून ७०० मेगाहर्ट्झवर जायचं काम किती वर्षं चाललं!

तर हा एसडीएस १०० स्कॅनर. २०१८ चं मॉडेल आहे पण सायमलकास्टसाठी अजूनही भारी, म्हणजे कसं की अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकदम तेच पाठवतात, ते सिग्नल किंचित मागेपुढे पोचतात आणि साध्या डिजिटल स्कॅनरवर आवाज तुटतो. यात आय-क्यू रिसीव्हर (असे मागेपुढे आलेले सिग्नलही नीट वाचणारा) आहे म्हणून ड्रायव्हर आणि कंट्रोल रूमचं बोलणं स्वच्छ येतं, मला तर ऐकतच बसावंसं वाटतं. पी२५ (सार्वजनिक सेवांची डिजिटल रेडिओ पद्धत) फेज २ पण चालतं, ज्यात १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर दोन संभाषणं बसतात.

प्रोग्रामिंग मात्र शिकावं लागतं, नुसती फ्रिक्वेन्सी टाकून भागत नाही, कंट्रोल चॅनल (कुठलं बोलणं कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ते सांगणारा) आणि टॉकग्रुप (एकेका गटाच्या बोलण्याचा नंबर) हवेत. डीएमआर, एनएक्सडीएन या दुसऱ्या डिजिटल पद्धती पाहिजेत तर अपग्रेडचे पैसे वेगळे. आणि एन्क्रिप्शन असेल तर कुठलाच स्कॅनर काही करू शकत नाही, म्हणून घ्यायच्या आधी तुमच्या एजन्सीने नव्या सिस्टीमवर आवाज लॉक केलाय का ते नक्की बघा.