तंजावरची राजा-राणी बाहुली, वर्षभर वर्गात वापरल्यावर

गेल्या मे महिन्यात तंजावरला गेले होते. मोठ्या देवळाच्या भिंतीवरचा १८०३ सालचा भोसल्यांचा मराठी शिलालेख जमेल तेवढा वाचला आणि बाहेरच्या एका दुकानातून राजा-राणीची जोडी घेतली, अडीचशे रुपयांना. डोकं-कंबर वेगवेगळी हलणारी नाचरी बाहुलीही होती, पण मला गोल बुडाचीच हवी होती. वर्गासाठी.

मी विज्ञान शिकवते. समतोलाचे तीन प्रकार आम्ही लाकडी शंकूवर दाखवतो: बुडावर उभा तो स्थिर, जरा कलला तरी परत येणारा; आडवा तो उदासीन, ठेवाल तसा राहणारा; टोकावर तो अस्थिर, जरा हलला की पडणारा. आता टोकावर शंकू काही उभा राहत नाही, म्हणून तिसरा प्रकार मुलं नुसता लिहून घेतात.

या बाहुलीचं वरचं अंग कागदाच्या लगद्याचं, आतून पोकळ. बुडाच्या अर्धगोलात मात्र जड माती. त्यामुळे गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतो तो बिंदू, त्या गोलाच्या केंद्राच्याही खाली राहतो. बाहुली कलंडवली की तो वर उचलला जातो, सोडली की खाली येतो, आणि बाहुली उठून उभी राहते. एवढं फळ्यावर सांगून झालं आणि मी डब्यातून कणीक काढली.

राजाच्या मुकुटावर सुपारीएवढी गोळी चिकटवली. उठला, पण फार सावकाश. मग चिमूट चिमूट वाढवत गेलो. एका क्षणी राजा जसा कलता ठेवावा तसाच राहू लागला! मागच्या बाकावरची मुलं टेबलाशी आली. गुरुत्वमध्य नेमका केंद्रावर आला होता. आणखी एक चिमूट लावली, तर उभा केलेला राजा बोट काढताच आडवा, आणि मग उठलाच नाही. एकाच बाहुलीत तिन्ही प्रकार, आणि तेही मुलांच्या हातून. दोन मुलींनी तर मधल्या सुटीत पुन्हा करून पाहिलं.

तक्रार एकच. राणी डावीकडे किंचित झुकून उभी राहते. माती भरताना एका अंगाला जास्त बसली असणार. घटक चाचणीत मी तेच विचारलं: राणीची माती कुठल्या बाजूला जास्त आहे, कशावरून?

घेताना बाहुली दुकानातल्या सपाट काचेवर ठेवून, डोलवून बघा. आणि कणीक लावायच्या आधी मुकुटावर प्लास्टिकचा कागद गुंडाळा. आमच्या राजाचा सोनेरी रंग पहिल्याच तासाला कणकेबरोबर निघून आला.