वाचनालय नीट चाललंय हे रजिस्टर सांगणार की वाचक?

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं, म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. आकड्यांचा रस्ता सोपा, पुस्तकं किती, सभासद किती, वाचनालयाचा अ ब क ड दर्जा आणि सरकारी अनुदान ठरतानाही तेच बघतात, त्यामुळे तो सोडता येत नाहीच. दुसरा रस्ता वाचकालाच विचारायचा, की इथे येऊन तुझं काय झालं? आमच्या जवळच्या अभ्यासिकेत एमपीएससीची पोरं रात्रीपर्यंत बसतात, पुस्तक एकही घरी नेत नाहीत, म्हणजे देवघेवीत ती दिसतच नाहीत, आणि एक आजी रोज पेपर वाचायला येतात कारण घरी बोलायला कुणी नाही, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? मला तर दुसराच रस्ता खरा वाटतो. वेळ जातो, पण महिन्याला दहा जणांचं वहीत लिहून ठेवलं तरी पुढची पुस्तकं कुठली घ्यायची ते कळतं.