पगार मोजणारी मी पगार शिकायला गेले: सहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेली अकरा वर्षं मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका मध्यम कारखान्याचं टाइम ऑफिस, म्हणजे हजेरी-पगाराचं खातं, सांभाळते. मस्टर म्हणजे हजेरीपट, जादा तासांचा ओटी, पीएफ, कामगार विम्याचा ईएसआय आणि सात तारखेच्या आत पगार. एमबीएच्या अर्धवेळ अभ्यासक्रमात 'मोबदला व्यवस्थापन' हा विषय घेताना वाटलं होतं, हा तरी सोपा जाईल. जुलै ते डिसेंबर २०२५ असं एक सत्र शनिवार-रविवारी वर्ग केले. परीक्षा झाल्या झाल्या लिहिलं असतं तर नुसती पुस्तकाबद्दल कुरकुर केली असती, म्हणून मुद्दाम थांबले. आता जून संपत आला. या काळात शिकलेल्यातलं काय हाताला लागलं आणि काय कपाटात राहिलं, ते सांगते.

पगार झाला की दोन-तीन दिवस आमच्या खिडकीशी माणसं येतात. बहुतेकांचे प्रश्न कपातीचे. फेब्रुवारीत प्रोफेशन टॅक्स २०० ऐवजी ३०० का, जून-डिसेंबरमध्येच कामगार कल्याण निधी का कापता. ही उत्तरं तोंडपाठ आहेत. मी अडायची ती वेगळ्या प्रश्नाला. जानेवारीत मशीन शॉपमधले एक मामा स्लिप घेऊन आले. म्हणाले, "ताई, कपात बरोबर आहे. मला फक्त एक सांगा. परवा लागलेलं पोरगं आणि मी, दोघांत अडीच हजाराचाच फरक. मग माझी एकोणीस वर्षं गेली कुठं?"

आधीची मी म्हणाले असते, "मामा, युनियनशी झालेल्या करारात तसंच बसलंय." या वेळी त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं आणि जुनी पगारपत्रकं काढली. २०१४ मध्ये नव्या ऑपरेटरला ७,८०० मिळायचे आणि मामांना ११,६००, म्हणजे जवळजवळ दीडपट. आज नव्याला २०,९०० आणि मामांना २३,४००. फरक १२ टक्क्यांवर आलाय. वर्गात याला कॉम्प्रेशन म्हणतात, पगारातलं अंतर दाबलं जाणं. आमच्याकडे ते कसं झालं हे कागदावर मांडताना मलाच पहिल्यांदा नीट दिसलं. महागाई भत्ता सगळ्यांना सारख्याच रुपयांनी वाढतो. वार्षिक वाढही ठरावीक रुपयांची, टक्क्यांची नाही. आणि आयटीआयची मुलं कमी पैशात येईनात म्हणून सुरुवातीचा पगार दर करारात वर सरकत गेला. खालची पायरी उचलली गेली, वरची त्या वेगाने उचललीच गेली नाही. कोणी मामांचं मुद्दाम काही कापलं नव्हतं, पण कोणी त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. मी नव्याच्या आणि त्यांच्या पगाराच्या दोन रेघा काढून दाखवल्या. मामांनी बराच वेळ कागद पाहिला आणि विचारलं, "हा घेऊन जाऊ का?"

या विषयाबद्दल मला जे मनापासून सांगायचंय ते एवढंच आहे. पगार काढायला मी आधीही शिकले होते. तो एवढाच का, याचं उत्तर द्यायला या सत्राने शिकवलं. टाइम ऑफिसात बसणाऱ्या माणसाला ते यायलाच हवं असं आता ठाम वाटतं, कारण कामगार हा प्रश्न मालकाला विचारायला जात नाही, आपल्या खिडकीशी येतो.

सगळ्यात जास्त शिकले ते कामाच्या मूल्यमापनाच्या प्रात्यक्षिकातून. सरांनी पाच-पाच जणांचे गट केले आणि सांगितलं, आपापल्या ठिकाणची सहा कामं निवडा. कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती, या चार घटकांवर गुण द्या. माणूस विसरा, फक्त काम बघा. आमच्या गटाने स्टोअरकीपर, सीएनसी ऑपरेटर, वॉचमन, अकाउंट्स असिस्टंट, पॅकिंगचं काम आणि कॅंटीनमधल्या स्वयंपाकाचं काम घेतलं. स्वयंपाकाला आम्ही २१० गुण दिले. सरांनी कागद परत केला. त्यांनी विचारलं, श्रम म्हणजे फक्त ओझं उचलणं का? भट्टीसमोर सात तास उभं राहणं कुठल्या रकान्यात गेलं? दीडशे माणसांच्या जेवणात बिघाड झाला तर जबाबदारी कोणाची? पुन्हा मोजलं तर गुण २८५ झाले, वॉचमनच्या वर आणि स्टोअरकीपरच्या जवळपास. गटात आम्ही तिघी बायका होतो, रोज घरी स्वयंपाक करणाऱ्या, तरी पहिल्या फेरीत आमच्याही डोळ्यांना ते काम कौशल्याचं दिसलं नव्हतं. हे मला फार लागलं.

त्याच तासाला सरांनी ऑड्री डिकॉस्टा खटला सांगितला. मुंबईतली मॅकिनन मॅकेंझी कंपनी, तिथल्या महिला स्टेनोग्राफर आणि पुरुष स्टेनोग्राफर. काम तेच, पगार बायकांना कमी. १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८७ मध्ये निकाल डिकॉस्टा बाईंच्या बाजूने लागला. कंपनीचं म्हणणं होतं की युनियनशी तसा करार झालाय, शिवाय आर्थिक ताकद नाही. न्यायालयाने दोन्ही कारणं फेटाळली. 'करारात तसं बसलंय' हे माझं नेहमीचं वाक्य, ते ऐकताना मी वहीत लिहून अधोरेखित केलं.

मार्चमध्ये मी आमच्याच कारखान्यातल्या बावीस कामांना त्याच पद्धतीने गुण दिले. एकटीने दिले तर आपलाच कल उतरतो, म्हणून प्रॉडक्शनच्या एका सुपरवायझरला आणि स्टोअरच्या मॅडमना बरोबर घेतलं. मग एक्सेलमध्ये आडव्या अक्षावर गुण, उभ्या अक्षावर पगार. बहुतेक ठिपके एका तिरप्या रेघेच्या आसपास पडले. पॅकिंगचा ठिपका रेघेच्या पार खाली. पॅकिंगला सात जणी आहेत. मोजमाप, लेबल तपासणी, बॅच नंबरची नोंद, एवढं सगळं करून ग्रेड अकुशल. साहेबांसमोर तक्ता ठेवला तेव्हा ते म्हणाले, "हे आधी कुणी का नाही दाखवलं?" एप्रिलपासून त्या सातजणी अर्धकुशल ग्रेडमध्ये आल्या. रक्कम मोठी नाही. पण स्लिपवरचा तो एक शब्द बदलला त्या महिन्यात त्यातल्या एकीने स्लिप माझ्याकडून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेतली, भिजू नये म्हणून.

किमान वेतनाचा तास असाच लक्षात राहिला. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित वेतनाचं मोजमाप ठरवलं: कुटुंब तीन एककांचं, प्रौढ माणशी २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, शिवाय इंधन-दिवा आणि इतर किरकोळ खर्चासाठी २० टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार यांसाठी २५ टक्के जोडले. पुस्तकात हा अर्ध्या पानाचा मजकूर. सरांनी तो बाजारात नेऊन करायला लावला. एका एककाला दिवसाला ८० ग्रॅम डाळ, ४० ग्रॅम तेल, २०० मिली दूध धरायचं होतं. महिन्याची डाळ ७.२ किलो, तेल ३.६ किलो, दूध १८ लिटर. मी आमच्या किराणावाल्याच्या दुकानात उभं राहून दर लिहून घेतले, भाजीचे दर पंचवटीच्या बाजारातून. भाडं धरलं ते सिडकोतल्या एका खोलीचं. बेरीज आमच्या हेल्परच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या बरीच वर गेली. त्या रात्री ती तीनदा तपासली.

आणि ती तीन एककं कशी? पुरुष १, बाई ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. घरातले म्हातारे आई-वडील या गणितात नाहीतच. हे वर्गात कुणीतरी विचारलं आणि पुढचा तासभर चर्चा त्यावरच झाली. अभ्यासक्रमात नसलेला तो तास सगळ्यात चांगला होता.

बोनसचा इतिहासही मनापासून आवडला, कारण तो आपल्याच मुंबईच्या गिरण्यांचा आहे. १९१७ मध्ये युद्धामुळे महागाई भडकली तेव्हा गिरणी मालकांनी पगारावर १० टक्के दिले. पुढे बोनस बंद झाला म्हणून १९२४ मध्ये संप झाला. बक्षीस की हक्क, हे भांडण १९६५ च्या कायद्यापर्यंत चाललं. दिवाळीत कामगार विचारतात, "एक पगार बोनस म्हणता आणि हातात त्याहून कमी कसे?" ८.३३ टक्के म्हणजे बारावा भाग, म्हणून 'एक पगार'. पण १९६५ च्या कायद्यात तो मोजायचा होता ७,००० वर किंवा किमान वेतन जास्त असेल तर त्यावर, पूर्ण पगारावर नाही. हे मला माहीत होतं, तरी ते पटवून देताना मी कायम बचावाच्या सुरात बोलायची. आता गोष्ट सांगितल्यासारखं सांगेन.

आता जिथे निराशा झाली ते. आमचं सत्र चालू असताना, २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे, लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेने वेतन देण्याचा १९३६ चा, किमान वेतनाचा १९४८ चा, बोनसचा १९६५ चा आणि समान वेतनाचा १९७६ चा असे चार कायदे पोटात घेतले. आम्हाला शिकवलेले ते जुने, आणि डिसेंबरच्या पेपरात विचारले तेही जुनेच. विद्यापीठ एका रात्रीत अभ्यासक्रम बदलू शकत नाही हे मान्य. पण संहिता २०१९ पासून कागदावर होती. तिचा निदान एक घटक आधीपासून असायला हवा होता. सरांनी शेवटच्या रविवारी स्वतःहून जादा तास घेतला म्हणून निभावलं. त्यांनी फळ्यावर एक उदाहरण सोडवलं. एकूण २४,००० पगार, त्यात मूळ आणि महागाई मिळून ९,६००, बाकी घरभाडं आणि वाहतूक भत्ता वगैरे १४,४००. वेतनाच्या नव्या व्याख्येत हे वगळायचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचे २,४०० परत वेतनात धरायचे. वेतन झालं १२,०००. एका वर्षाची ग्रॅच्युइटी आधी ५,५३८, आता ६,९२३. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला ती एका वर्षानंतरही मिळते आणि नोकरी सोडणाऱ्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. कामावर गेल्यावर सगळ्यात आधी विचारलं गेलं ते हेच.

ठेकेदाराच्या कामगारांबद्दल तर जवळजवळ काहीच नव्हतं. आमच्या गेटमधून रोज आत येणाऱ्यांतले निम्मे ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. त्यांचा पगार आमच्या पत्रकात दिसत नाही, पण कमी पडला तर पहिली जबाबदारी कुणाची हे आम्हाला कळायलाच हवं. पुस्तकातली उदाहरणं मात्र परदेशी कंपन्यांची, शेअर ऑप्शन आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या पॅकेजची. ती वाचली, लिहिली, मार्क मिळाले. संगणकावर प्रत्यक्ष पगार काढून बघणं एकदाही झालं नाही. नोकरीत नसलेल्या मुलांचं यात फार नुकसान होतं.

हॅल्सी आणि रोवनच्या प्रोत्साहन योजनांची, म्हणजे ठरल्याहून कमी वेळात काम केलं की वाचलेल्या वेळेचे जादा पैसे देण्याची, गणितं दहा मार्कांना हमखास येतात. मला ती कोरडी वाटायची. सोलापूरची एक वर्गमैत्रीण होती, तिची आई विड्या वळते. हजार विड्यांचा दर कसा लागतो, नापास विड्या कशा बाजूला काढतात, तेंदूची पानं कमी पडली तर पदरचे पैसे घालून आणावी लागतात, हे तिने उभं राहून सांगितलं. तुकड्यावरच्या मजुरीत दराइतकंच महत्त्व माल तपासणाऱ्याच्या हाताला आहे, हे तिच्यामुळे समजलं. असे अनुभव वर्गात असतातच. ते बाहेर काढायला वेळ ठेवला तर हा विषय दुप्पट चांगला होईल.

घ्यावा का? आस्थापना, टाइम ऑफिस, एचआर किंवा युनियनचं काम करणाऱ्यांनी नक्की घ्यावा. युनियनवाल्यांनी तर आमच्याआधी. प्रवेश घेतलात तर आपल्या ठिकाणची पाच वर्षांची पगारपत्रकं नावं झाकून वहीत घेऊन बसा आणि प्रत्येक धडा त्यावर लावून बघा. कायद्यासाठी छापील पुस्तकावर अवलंबून राहू नका, संहिता थेट वाचा.

मामांचा पगार अजून तेवढाच आहे. आमचा करार ऑक्टोबरात संपतो. युनियनच्या मागणीपत्रात या वेळी सेवेच्या वर्षांप्रमाणे टप्पे मागितलेत आणि त्याला एक कागद जोडलाय. माझ्याच हाताने काढलेल्या दोन रेघा, झेरॉक्स केलेल्या. साहेबांनी तो मला दाखवला आणि प्रत्येक टप्प्याचा वर्षाचा खर्च काढून द्यायला सांगितलाय. या आठवड्यात तेच करतेय.