भाड्याने मिळणारं लिपस यंत्र: कोणत्या हाडासाठी घ्यावं, कोणत्यासाठी नको

नाशिकच्या शरणपूर रोड परिसरातल्या वैद्यकीय साहित्याच्या एका दुकानातून हाड जुळण्यासाठीचं अल्ट्रासाऊंड यंत्र, म्हणजे लिपस, महिन्याच्या भाड्याने घरपोच मिळतं. यंत्र चोख आहे. मात्र ताज्या फ्रॅक्चरसाठीही ते सुचवलं जातं, आणि तिथे पैसे घालवू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी यंत्राबद्दल. 1.5 मेगाहर्ट्झच्या लहरी, 200 मायक्रोसेकंदांचे स्पंद, सेकंदाला 1,000 वेळा, सरासरी तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला 30 मिलिवॅट. रोज एकदा 20 मिनिटं. हे सगळे आकडे यंत्राच्या मागच्या पट्टीवर छापलेले आहेत, ही मोठी जमेची बाजू. कारण फिजिओथेरपी क्लिनिकमधल्या यंत्रालाही लोक ‘अल्ट्रासाऊंड’च म्हणतात. ते साधारण 1 किंवा 3 मेगाहर्ट्झवर चालतं आणि दर चौरस सेंटीमीटरला 1 वॅटवर ठेवलं तरी लिपसच्या तीसपटीहून जास्त तीव्र असतं. हाड ही ऊर्जा पटकन शोषून तापतं आणि त्यावरचं आवरण ठणकतं, म्हणून त्याचा प्रोब, म्हणजे अंगाला लावायचं टोक, सतत फिरवत ठेवतात. ताज्या फ्रॅक्चरवर ते यंत्र लावतच नाहीत. लिपसचा प्रोब मात्र एकाच जागी पट्ट्याने बांधून ठेवायचा. शेक जाणवत नाही, मुंग्या येत नाहीत. काहीच होत नाही म्हणून यंत्र बिघडलंय असं समजू नका. उलट त्वचा तापली तरच लगेच बंद करून दुकानाला कळवा.

लिपसच्या लहरींचे हलके दाब हाडपेशींच्या पृष्ठभागावरची इंटेग्रिन प्रथिनं टिपतात. मग पेशीत कॉक्स-2 एन्झाइम वाढतं, प्रोस्टाग्लँडिन ई-2 तयार होतं, हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींना चालना मिळते, नव्या रक्तवाहिन्यांसाठीचे संकेत वाढतात. प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि प्राण्यांत हे नीट दिसलेलं आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकं हेच एन्झाइम दाबतात. यंत्राचं भाडं भरायचं आणि वर मनानेच रोज वेदनाशामक घ्यायचं, हे टाळा. पर्याय डॉक्टरांना विचारा. तंबाखू आणि मिसरीचंही तेच. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, तिथे यंत्र काय करणार?

पेशीत दिसलं ते माणसाच्या नडगीत दिसेलच असं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, 1994 मध्ये काही ताज्या फ्रॅक्चरसाठी आणि 2000 मध्ये न जुळलेल्या हाडांसाठी लिपसला परवानगी दिली. पण 2016 मध्ये ‘ट्रस्ट’ चाचणीचे निकाल आले: नडगीत रॉड टाकलेल्या 501 रुग्णांत खरं यंत्र आणि लहरी न सोडणारं दिखाऊ यंत्र यांत ना एक्स-रेवर फरक पडला, ना हिंडण्याफिरण्यात. 2017 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने लिपस वापरू नये अशीच शिफारस केली. उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2013 मध्ये नऊ महिने होऊनही न जुळलेल्या लांब हाडांसाठी मात्र अनुकूल मत दिलं होतं. तोही पुरावा बहुतेक तुलनागटाविनाच आहे, पण दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आधी आजमावायला हरकत नाही, एवढं म्हणता येतं. अट अशी, की हाड स्थिर हवं, रेषेत हवं आणि तुकड्यांमधली फट 1 सेंटीमीटरपेक्षा कमी हवी. हलणारं हाड यंत्राने जुळत नाही, त्याला आधी पक्का आधार लागतो.

सेवेतली खरी उणीव प्रोबच्या जागेची आहे. घरी येणारा माणूस पट्टा व्यवस्थित शिकवतो, पण एक्स-रे न बघता ‘दुखतंय तिथे’ प्रोब ठेवतो. वेदना आणि फट एकाच जागी असतीलच असं नाही. त्वचेवर धातूची छोटी खूण चिकटवून एक्स-रे काढा, फटीची जागा डॉक्टरांकडून पेनाने आखून घ्या. प्लेट बसवली असेल तर प्लेट नसलेल्या बाजूने लावा. धातू लहरी परतवतो. हाडातला रॉड चालतो. प्लास्टरमधून लहरी जात नाहीत, त्याला प्रोबएवढी खिडकी कापावी लागते. ती प्लास्टर रूममध्येच कापून घ्या, आणि वापरानंतर फेल्टचा तुकडा घालून बंद ठेवा, नाहीतर त्वचा तिथे फुगून वर येते.

जेल जाडसर लावा. प्रोब आणि त्वचेमध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी लहरी तिथूनच माघारी फिरतात, आणि यंत्राचा घड्याळकाटा मात्र 20 मिनिटं पूर्ण झाल्याचं दाखवतो. उन्हाळ्यात पंख्याखाली जेल सुकतं, मध्येच एकदा बघा. बाम चालणार नाही.

वाढ पूर्ण न झालेली मुलं, गरोदर स्त्रिया, गाठीमुळे मोडलेलं हाड, कवटी आणि मणका यांसाठी दुकानाने यंत्र देऊच नये. पेसमेकर असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं. सध्या दुकान फक्त चिठ्ठी मागतं, त्यावरचं निदान वाचत नाही. यंत्र परत करताना वापराच्या नोंदीचा फोटो मागून घ्या. पुढच्या वेळी समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेंत मिळून हाडाच्या चारपैकी तीन कडांवर नवं हाड दिसतंय का, हे डॉक्टर बघतील तेव्हा प्रत्यक्षात किती दिवस यंत्र चाललं होतं ते त्यांना कळायला हवं.