कार्ट्रिज मेकॅनिकल सील: माल एक नंबर, पण आधी तुमचं सक्शन पाइपिंग बघा

आमच्याकडे हॉरिझॉन्टल सेंट्रिफ्युगल पंपांवर आधी सगळीकडे ग्लँड दोरीच होती (शाफ्टच्या बाजूने पाणी गळू नये म्हणून भोवती दाबून भरलेली पॅकिंग), मग साधे सुटे मेकॅनिकल सील आले (दोन सपाट रिंगा म्हणजे फेस, एक शाफ्टबरोबर फिरते, एक स्थिर, स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या) आणि आता प्रोसेसचे जे पंप बंद पडले की बोंब होते ते सगळे कार्ट्रिजवर नेलेत. सिंगल (फेसची एकच जोडी), बॅलन्स्ड टाइप (पंपाचा दाब फेसवर कमी येईल असा), कार्बनच्या समोर सिलिकॉन कार्बाइडचा फेस, ओ-रिंगा व्हायटॉन रबराच्या. चांगले वापरून झालेत म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही कारण पुढे थोड्या शिव्या पण आहेत.

दोरीवाल्यांना वाटतं आपलं चाललंय ना ठीक, कशाला हवाय महागडा सील. पण दोरी गळायलाच हवी असते हो, मिनिटाला साधारण ४०-६० थेंब, त्याच पाण्याने ती थंड राहते. आता कोणी साहेब राउंडला आले की खाली पाणी दिसतं, मग ऑपरेटर स्पॅनर घेऊन ग्लँड आवळतो, दोरी जळते, आणि पुढच्या वेळी पंप उघडला की स्लीव्हवर (शाफ्टवरच्या नळीवर) नख अडकेल एवढी खाच पडलेली असते. त्या खाचेवर कितीही नवी दोरी भरा, गळणारच. सीलमध्ये हा स्पॅनरचा विषयच संपतो, माझ्या मते अर्धे पैसे तिथेच वसूल.

सुटा सील आणि कार्ट्रिज यात खरा फरक बसवताना कळतो. सुट्या सीलमध्ये स्प्रिंग किती दाबायची ते शाफ्टवर माप काढून, खूण करून फिटरने ठरवायचं, म्हणजे नाइट शिफ्टला कोण आहे त्यावर सीलचं आयुष्य. फेस तर इतके सपाट घासलेले असतात की सपाटी प्रकाशाच्या पट्ट्यांनी मोजतात, एक पट्टी म्हणजे जेमतेम ०.३ मायक्रॉन, आणि तेच फेस आपला माणूस ग्रीसच्या बोटांनी धरतो. कार्ट्रिजमध्ये स्लीव्ह, फेस, ग्लँड प्लेट सगळं एकत्र फॅक्टरीतून सेट होऊन येतं, सेटिंग क्लिपा लावलेल्या असतात, फेसला हात लावायची वेळच येत नाही. सरकवा, ग्लँडचे नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, इम्पेलरचं (पंपातल्या फिरत्या चाकाचं) क्लिअरन्स आणि कपलिंगची अलाइनमेंट करून घ्या, मग ड्राइव्ह कॉलरचे (सीलला शाफ्टवर पकडणाऱ्या कड्याचे) स्क्रू टाइट करा आणि सगळ्यात शेवटी क्लिपा काढा. हा क्रम महत्त्वाचाय. आणि क्लिपा फेकू नका, ग्लँडच्याच बोल्टला तारेने बांधून ठेवा, ओपन इम्पेलरवाल्या पंपात पुढे कधी क्लिअरन्स परत सेट करायचं झालं तर त्याच लागतात, क्लिपा लावल्या, कॉलर ढिली केली, इम्पेलर सेट केला, परत टाइट, सीलला काही फरक नाही. हे मला सगळ्यात आवडलं.

आता मुख्य गोष्ट. दोन जुळे पंप, एकाच टाकीवरून, सील सारखेच. एकावरचा सील आजतागायत कोरडा ठणठणीत आणि दुसऱ्यावरचा थोडे आठवडे गेले की गळायला लागायचा. सप्लायरचा इंजिनिअर आला, दोन मिनिटं बघितलं, म्हणाला ड्राय रन केलाय तुम्ही, नवा घ्या. म्हटलं बाबा स्ट्रेनर साफ आहे, लेव्हल आहे, ड्राय कसा चालेल. मग गळका सील आम्हीच उघडला. हार्ड फेसवर घासल्याचा पट्टा कार्बनच्या रुंदीपेक्षा बराच रुंद, आणि कार्बनच्या कडेचे टवके उडालेले. रुंद पट्टा म्हणजे शाफ्ट जागेवर फिरत नाहीये, डोलतोय. तिथून पाइपिंगकडे गेलो आणि मग एकेक पुराणं बाहेर आली.

ज्या ठेकेदाराने ही लाइन जोडली होती त्याने सक्शनला, म्हणजे पंपात पाणी येतं त्या बाजूला, कॉन्सेंट्रिक रिड्यूसर (पाइप बारीक करणारा, सगळीकडून सारखा निमुळता तुकडा) टाकलेला. आडव्या लाइनला एक्सेंट्रिक (एक बाजू सपाट असलेला) लागतो, सपाट बाजू वर, नाहीतर वरच्या कोपऱ्यात हवा साचते आणि मधेमधे फुगा होऊन पंपात जाते. हवा हलकी, फिरत्या पाण्यात ती मध्याकडे म्हणजे शाफ्टकडे जमते, आणि सील बसलाय बरोबर तिथेच! म्हणजे टाकी भरलेली असून फेस कोरडे, इंजिनिअर एका अर्थाने बरोबरच होता, फक्त का ते त्याने बघितलं नाही. शिवाय एल्बो थेट पंपाच्या तोंडाला, पाइपच्या व्यासाच्या ५ ते १० पट सरळ लांबी ठेवतात ती कुठेच नाही. पंप खडी भरल्यासारखा वाजायचा. ऑफिसात कोणीतरी म्हणालं एनपीएसएच (सक्शनला पाण्याची वाफ होऊ नये म्हणून लागणारा दाब) पुरेसा आहे, पंपाच्या कर्व्हएवढाच येतोय, पण कर्व्हवरचा आकडा हेड ३ टक्के पडलेलं असताना मोजलेला असतो, त्या आकड्याला कॅव्हिटेशन (वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) आधीच सुरू झालेलं असतं, वर मार्जिन नको का?

आणि कहर म्हणजे फ्लँज. कपलिंगवर डायल लावून सक्शनचे बोल्ट ढिले केले तर काटा अर्धी चक्कर फिरला, म्हणजे अर्धा मिलीमीटर! एपीआय ६८६ मध्ये (यंत्रं बसवण्याचं अमेरिकन स्टँडर्ड) मर्यादा ०.०५ मिमी. लाइन चेन ब्लॉकने ओढून बोल्ट घातलेले होते, केसिंग बिचारं कायम ताणाखाली. अशात स्टफिंग बॉक्स (सील बसतो तो भाग) शाफ्टला काटकोनात राहतच नाही, प्रत्येक फेऱ्याला सीलच्या स्प्रिंगला मागेपुढे व्हावं लागतं, आणि तेही २९०० आरपीएमला. लाइन कापून नवा स्पूल (फ्लँजवाला पाइपचा तुकडा) टाकला, सपोर्ट नीट केले, रिड्यूसर बदलला, मग त्याच मॉडेलचा सील घातला. आता जुळ्यासारखाच चाललाय. एपीआय ६८२ या सीलच्या स्टँडर्डमध्ये सीलकडून २५,००० तासांची अपेक्षा धरलेली आहे, जवळपास ३ वर्षं, तेवढा जाईल असं दिसतंय.

शिव्या आता. सोबतचा कागद म्हणजे एक पुसट ड्रॉइंग, टॉर्क किती ते भिंगाने शोधा. कॉलरचे स्क्रू इतके बारीक की साधी अॅलन की असेल तर खाचच गोल होते, चांगली की वापरा. ऑर्डर देताना सेल्सवाल्याने फ्लशिंगबद्दल (सीलवर सोडायच्या पाण्याबद्दल) एक प्रश्न विचारला नाही, सगळ्यांना प्लॅन ११ लिहून मोकळा, म्हणजे डिस्चार्जचंच पाणी ऑरिफिसमधून सीलवर. स्वच्छ पाण्याला उत्तम, पण गाळ असेल तर फेसवर वाळूच मारता तुम्ही, तिथे बाहेरून स्वच्छ पाणी देणारा प्लॅन ३२ मागून घ्या. ओ-रिंग पण स्वतः ठरवा, व्हायटॉन तेलाला मस्त पण अमोनिया आणि वाफेच्या जवळ नको, ईपीडीएम गरम पाण्याला छान पण तेल लागलं की फुगते, बसवताना ग्रीस लावलंत तरी.

५ पैकी ४. एक स्टार कागदाचा आणि त्या सेल्सवाल्याचा कापला. गाळाच्या खड्ड्यावरचा आमचा एक पंप आहे, लेव्हल कधी संपते पत्ता लागत नाही, तिथे स्वच्छ पाण्याची लाइनही जात नाही. तिथे मात्र अजून दोरीच ठेवलीये.